चक्कर आलेल्याला उभे धरू नका

डोंबिवलीच्या प्रवाशाला लोकलचे शास्त्र शिकवावे लागत नाही. बसायला जागा हवी म्हणून तो आधी उलट्या दिशेने कल्याणला जातो आणि तीच गाडी मुंबईकडे परत निघेपर्यंत जागेवरून हलत नाही. कुणी चौथ्या सीटवर जेमतेम टेकून ठाण्यापर्यंत तोल सांभाळते, तर महिलांच्या डब्यात संध्याकाळची भाजी निवडून होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी निघाली, ती ३४ किलोमीटरवरच्या ठाण्यापर्यंत. आज कल्याण-डोंबिवलीची माणसे त्याहून लांबचा प्रवास रोज दोनदा करतात, तोही बहुतेक वेळा उभ्याने.

बाह्यरुग्ण विभागात वरचेवर ऐकू येणारी तक्रार म्हणजे, "डॉक्टर, गाडीत डोळ्यांपुढे अंधारी आली." तपासणीत बऱ्याच जणांना काही दोष सापडत नाही. मग असे का होते?

आपण उभे राहिलो की गुरुत्वाकर्षणामुळे अर्धा लिटर किंवा त्याहून थोडे अधिक रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. चालताना पोटरीचे स्नायू शिरा दाबून ते वर ढकलतात. गर्दीत पाय हलवायलाही जागा नसते, त्यामुळे हा पंप बंद पडतो. त्यात उकाडा, उपाशी पोट आणि कमी पाणी. अखेर रक्तदाब एकदम घसरतो, नाडी मंदावते, मेंदूला रक्त कमी पडते आणि शुद्ध हरपते.

एरवी माणूस खाली कोसळतो. आडवा झाला की रक्त पुन्हा मेंदूकडे जाते आणि मिनिटभरात तो डोळे उघडतो. म्हणजे पडणे हाच शरीराचा उपचार. खच्चून भरलेल्या डब्यात मात्र तो पडूच शकत नाही. आजूबाजूचे मदतीच्या भावनेने त्याला बगलेत धरून उभे ठेवतात. त्याने मेंदूचा रक्तपुरवठा आणखी वेळ तुटलेला राहतो, झटके येऊ शकतात, क्वचित जिवावरही बेतू शकते.

म्हणून त्याला आडवे करा आणि पाय एखाद्या बॅगेवर उंच ठेवा. तेवढी जागा नसेल तर सीटवर बसवून डोके गुडघ्यांपर्यंत खाली वाकवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. हवा लागावी म्हणून दाराशी तर मुळीच नेऊ नका. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, हे आपण विसरलेलो नाही. साखळी ओढून गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबवली तर मदत लांबच राहते. १३९ वर कळवा आणि पुढच्या स्टेशनवर उतरवा. आडवे केल्यावरही प्रतिसाद नसेल आणि श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाब देणे लगेच सुरू करा.

चक्कर येण्याआधी शरीर सूचना देते: मळमळ, घाम, कानात गुणगुण, जांभया. त्याच क्षणी शेजाऱ्याला सांगा आणि बसा. ते जमत नसेल तर पायांची कैची करून मांड्या व पोटऱ्या आवळा, मुठी घट्ट मिटा. रक्तदाब सावरायला याची मदत होते. एरवीही उभ्या-उभ्या अधूनमधून टाचा उचलत राहा.

लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही म्हणून अनेक महिला सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याने चक्कर तर येतेच, शिवाय लघवीचा जंतुसंसर्ग आणि मूतखडा यांचाही धोका वाढतो. निघण्याच्या तासभर आधी पाणी प्या, लघवीला जाऊन या आणि पोळी-भाजीचे चार घास खाऊनच घर सोडा.

प्रत्येक चक्कर मात्र साधी नसते. छातीत दुखून, धडधडून, जिना धावत चढताना किंवा बसल्या जागी शुद्ध हरपली, किंवा घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या मनाने बंद करू नयेत, पण चक्कर आल्याचे डॉक्टरांना जरूर सांगावे. लेट मार्क दुसऱ्या दिवशी भरून काढता येतो, हृदयाने दिलेली सूचना पुन्हा मिळेलच असे नाही.