मांडवीची खोटी चिठ्ठी

तोरणमाळची सहल सगळ्यांना तोंडपाठ आहे. शहाद्याहून निघायचे, सातपायरीचा घाट चढायचा, सुमारे ११५० मीटर उंचीवरच्या यशवंत तलावाकाठी डबे सोडायचे, सीताखाई आणि खडकी पॉइंट उरकायचा, मच्छिंद्रनाथाच्या गुंफेत डोके टेकवून दिवेलागणीला खाली उतरायचे. नशिराबाद-भुसावळकडच्यांना एवढी लांबची मजल एका दिवसात झेपत नाही. ते तापी ओलांडून रावेर तालुक्यात पालला जातात आणि गारबर्डीचे सुकी धरण पाहून येतात. दोन्हीकडे कार्यक्रम एकच, डोंगरातले पाणी बघायचे. वन्यप्राणी दिसले तर दिसले, बहुधा माकडेच. माझे म्हणणे असे, की पक्षिशास्त्राच्या जगात खानदेशाचे नाव ज्याच्यामुळे घेतले जाते तो जीव या पाण्यापाशी शोधायचाच नाही. तो राहतो घाटाच्या पायथ्याशी, गाडीच्या काचा वर करून आपण ज्याच्यातून भरधाव निघून जातो त्या विरळ, धुळकट सागाच्या रानात. रानपिंगळा त्याचे नाव. ११३ वर्षे तो ‘हरवला’ होता असे छापले जाते. माझ्या मते तो कधीच हरवला नव्हता, हरवली होती ती त्याची नोंद. या पक्ष्यापेक्षा त्याच्या चोरीच्या प्रकरणाने मला जास्त पछाडले आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवातीचा भाग चटकन उरकता येतो. डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लुइट यांना आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात एक ठेंगणे घुबड मिळाले. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली त्याला शास्त्रीय नाव दिले आणि ब्लुइटचे नाव त्यात गोवले. काँग्रेसच्या स्थापनेत आपल्याला भेटतात तेच हे ह्यूम. ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्ष्यांचे नियतकालिक ते पदरमोड करून चालवत. पुढे सिमल्याच्या घरातून त्यांची पक्ष्यांवरची हस्तलिखिते एका नोकराने बाजारात रद्दीच्या भावाने विकली आणि त्या धक्क्यानंतर त्यांनी पक्ष्यांचा नादच सोडला. दुसरा नमुना १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूशास्त्रज्ञाला ओडिशाकडच्या खरियार भागात मिळाला. एवढ्यावर प्रकरण संपले असते तर रानपिंगळा हा पूर्वेकडचाच पक्षी ठरला असता. खानदेशाला या गोष्टीत आणले ते जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने.

डेव्हिडसनचा जन्म १८४९ चा, मृत्यू १९२५ चा. मुंबई इलाख्यात नोकरी, पुढे कारवारची कलेक्टरी, तिथे एटकेन आणि बेल या निसर्गअभ्यासकांबरोबर फुलपाखरांचा अभ्यास, आणि शेवटी एडिंबरोत निवृत्ती. त्याचे चरित्र कोणी सविस्तर लिहिलेले नाही आणि त्याच्यावर प्रेम करावे असेही काही नाही, कारण बंदूक त्याच्या हातून क्वचितच खाली राहत असावी. पण १८८२ साली ‘स्ट्रे फेदर्स’च्या दहाव्या खंडात त्याने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी छापली. पृष्ठ २७९ ते ३२७. तिला त्याने ‘कच्ची यादी’ म्हटले. आजचा कोणी शोधनिबंधवाला पन्नास पानांच्या ऐवजाला कच्चे म्हणेल का? त्या काळचे पश्चिम खानदेश म्हणजे ढोबळमानाने आजचे धुळे-नंदुरबार. शहादा-तळोद्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याच्या सपाट जंगलात, १८८० नंतरच्या तीन-चार वर्षांत त्याने रानपिंगळे मारले आणि त्यांची कातडी भरून ठेवली. एकोणिसाव्या शतकातले या पक्ष्याचे म्हणून ज्ञात असलेले नमुने सारे मिळून सात, आणि त्यांतला मोठा वाटा खानदेशाचा. १८८४ नंतर मात्र खरी नोंद थांबली.

खोटी नोंद पुढे आली ती कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांची. युद्धातले पराक्रम, हेरगिरीच्या कथा, उंचापुरा देह आणि पक्ष्यांचा प्रचंड संग्रह. या गृहस्थाचा दबदबाच तसा होता. १९५४ मध्ये त्यांनी सुमारे २० हजार पक्ष्यांची कातडी ब्रिटिश म्युझियमला दिली. त्यांत एक रानपिंगळा होता, आणि त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी सांगत होती : मांडवी, तापीकाठ, १९१४. या खोटेपणातली हुशारी बघण्यासारखी आहे. सुरत जिल्ह्यातले मांडवी आपल्याच तापीवर, खानदेशाच्या खालच्या अंगाला. डेव्हिडसनचे पक्षी जिथले, त्याच नदीचे खोरे धरून थोडे पश्चिमेला सरकायचे आणि साल तीस वर्षांनी पुढे आणायचे. शंका कोणाला येणार? आलीही नाही. सालिम अली १९३७ साली या कर्नलबरोबर अफगाणिस्तानात पक्षी पाहत हिंडले होते. त्यांनी आणि डिलन रिप्ली यांनी पुढे रानपिंगळ्याचा शोध घेतला तेव्हा या बनावट ठिकाणानेही त्यांना भरकटवले. हाती काही लागले नाही आणि पक्षी बहुधा नामशेष झाला अशी समजूत पक्की झाली. एका चिठ्ठीमुळे खुद्द सालिम अलींची पायपीट फुकट गेली, याचा राग मला कर्नलच्या साऱ्या शौर्यकथांपेक्षा खरा वाटतो.

खरे तर संशयाला जागा फार आधीपासून होती. नमुने परवानगीवाचून बाहेर नेल्याबद्दल म्युझियमने १९१९ सालीच कर्नलला पक्षिदालनात दीड वर्ष बंदी केली होती. तरी बडी आसामी म्हणून दार पुन्हा उघडले. १९९३ मध्ये अ‍ॅलन नॉक्स यांनी कर्नलच्या काही छोट्या पक्ष्यांचे नमुने दुसऱ्यांचे असल्याचे दाखवले. त्यानंतर पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीचा रानपिंगळा तपासायला घेतला. कातडे भरायची प्रत्येकाची एक धाटणी असते, जशी प्रत्येक शिंप्याची टाके घालायची असते. कापूस कुठे कोंबायचा, कातडे कसे शिवायचे, पंख कसे मिटवायचे, यात हात बदलत नाही. मांडवीचा पक्षी उसवून, पुन्हा भरून तयार केलेला होता, पण क्ष-किरणांखाली डेव्हिडसनचा हात लपला नाही. धागेदोरे तपासायला अमेरिकेच्या एफबीआयच्या प्रयोगशाळेचीही मदत घेतली गेली. निष्कर्ष १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात छापून आला : हा म्युझियममधून चोरलेला, डेव्हिडसनने खानदेशात मारलेलाच पक्षी, फक्त त्याच्या पायात नवी चिठ्ठी. शहाद्याकडचा पक्षी असा लंडनमध्ये बसून गुजराती झाला.

निष्कर्ष छापून येण्याआधीच मांडवी बाद धरल्यावर उरले ते ब्लुइट, बॉल आणि डेव्हिडसन. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी फिरले, तिथे काही मिळाले नाही, म्हणून खानदेशात आले. २५ नोव्हेंबरला सकाळी शहाद्याजवळच्या पायथ्याच्या रानात रानपिंगळा समोर बसलेला होता, चक्क उन्हात. हा पक्षी दिवसाढवळ्या शिकार करणारा. थंडीच्या सकाळी निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर तो बराच वेळ बसून असतो आणि शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. गावाजवळ दिसणाऱ्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते. याचे डोके मोठे आणि जवळजवळ कोरे, पंख-शेपटीवर जाड पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसे आणि नख्या शरीराच्या मानाने दांडग्या. अशा नख्यांनी सरडे, साप-सुरळ्या, उंदीर सहज उचलता येतात. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या रानात त्याचा आवाज आणि वीण अभ्यासली. मग मेळघाट, यावल आणि मध्य प्रदेशातल्या खंडव्याकडच्या रानांतही तो सापडत गेला.

यावर आक्षेप निघतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा, की गुजरातेत डांगातल्या पूर्णा अभयारण्यातही पुढे रानपिंगळा आढळला. मग कर्नलची मांडवी अगदीच अशक्य होती का? अशक्य नव्हतीच, आणि घात तिथेच झाला. त्या प्रदेशात पक्षी असू शकतो, म्हणून तो विशिष्ट नमुना तिथला ठरत नाही. सातबाऱ्यावर खोटे नाव चढवणाऱ्याला ‘तसेही त्याच्या आज्याची जमीन जवळच होती’ म्हणून कोणी सोडून देत नाही. दुसरा आक्षेप डेव्हिडसनवर. दुर्मीळ पक्षी एकामागून एक मारणाऱ्याचे कौतुक कशाला? कौतुक त्या बंदुकीचे नाही. पण मारून त्याने ठिकाण खरे लिहिले, आणि त्या खरेपणावर शंभर वर्षांनी जिवंत पक्षी सापडला. कर्नलने गोळीही न झाडता जास्त नुकसान केले.

तिसरा आक्षेप वनखात्याच्या आणि सहलवाल्यांच्या दोघांच्याही सोयीचा आहे. रानपिंगळ्याला विरळ रान आवडते ना, मग जंगल विरळ झाले तर बिघडले काय? बिघडते ते ढोलीपाशी. हा पक्षी घरटे बांधत नाही, जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. कोवळ्या सागाला ढोली नसते. झाडे दूरदूर असली तरी चालेल, पण त्यांत म्हातारी, पोकळ, लाकूडतोड्याला निकामी वाटणारी झाडे हवीत, आणि तोडताना नेमकी तीच आधी जातात. यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र सुमारे १७५ चौरस किलोमीटर. तिथले अतिक्रमण हा गेल्या काही दशकांतला कडवट विषय आहे. सगळा दोष पावरा-भिल्ल कुटुंबांवर टाकून मोकळे होणे मला मान्य नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांच्या दाव्याला आधार दिला आहे, आणि सातपुड्याचा साग शहरांकडे गेला तेव्हा तो कोणी नेला हे विचारायला हवे. पण शेत राखायचे आणि बांधावरचे पोकळ झाडही राखायचे, हे एकत्र जमू शकते. त्यासाठी आधी त्या झाडाला किंमत आहे हे कोणीतरी कागदावर आणायला हवे.

पण पैसा जातो पाण्याकडे. नौकाविहार, रेलिंग, विश्रामगृह, ‘पॉइंट’च्या पाट्या हे सगळे माथ्यावर होते, आणि पायथ्याचे सपाट रान रस्त्याच्या हिशेबात केवळ अंतर म्हणून मोजले जाते. पायथा सपाट असतो म्हणूनच तो आधी नांगराखाली जातो. कड्यावर शेती होत नाही, त्यामुळे देखावा आपोआप वाचतो. जे सुंदर म्हणून आपण जपतो त्याला मुळात फारसा धोका नव्हता, आणि धोका असलेली जागा कोणाच्या फोटोत येत नाही. पालला जाणाऱ्या नशिराबादकराने थंडीत लवकर निघावे, धरणाआधीच सागाच्या पट्ट्यात गाडी थांबवावी आणि शेंड्यांकडे पाहावे. पक्षी दिसेल याची हमी नाही, पण पाहण्याची जागा तरी बरोबर असेल.

आंतरराष्ट्रीय यादीत रानपिंगळा २०१८ पर्यंत अतिसंकटग्रस्त होता, त्या वर्षी तो एक पायरी खाली येऊन संकटग्रस्त झाला. संख्या एकाएकी वाढली म्हणून हे घडले नाही. शोधणारे वाढले आणि नवी ठिकाणे हाती लागली. त्यांतले एक मुंबईच्या पाणीपुरवठ्याचे तानसा. १८८३ पासूनचे शहराचे पक्षिनिरीक्षक, त्यांच्या संस्था, त्यांची पुस्तके, आणि हा पक्षी त्यांच्या नळाच्या पाण्यामागच्या रानात २०१४ साली ओळखला गेला. तानसात तो असेल असे कोणत्याही जुन्या चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते, म्हणून तिथे कोणी पाहिलेच नव्हते. चिठ्ठी खोटी असो की खरी, तिच्यापलीकडे न पाहण्याची ही सवय अजून पुरती गेलेली नाही.