शेरघाटीचा दगड, मंगळाचा गाभा

सकाळी ८ : इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबची खोली. प्रयोगशाळेतल्या काकांनी व्हॅक्यूम बघून ठेवलाय. आजचा काप शेरघाटीचा. २५ ऑगस्ट १८६५ला बिहारमध्ये पडलेली ही पाचेक किलोची उल्का मंगळावरची. तिच्या अंटार्क्टिकातल्या एका भाऊबंदाच्या काचेत अडकलेला वायू व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला, १९८३ साली.

९ : प्रमाणखनिजं मोजायची. कंटाळवाणं, पण टाळता येत नाही. हवं असलेलं मँगनीज जेमतेम अर्धा टक्का. तिथं चुकलं तर दिवसभराची मेहनत पाण्यात.

१०:३० : पडद्यावर पायरोक्सिनचा लांबट दाणा. मधे करडा, कडेला उजळ. दाणा वाढत गेला तसं त्यात लोह वाढत गेलं. शेजारी काळपट मास्केलिनाइट : मूळचा फेल्डस्पार, धक्क्यानं काच झालेला, आकार मात्र स्फटिकाचाच. चेरमाक यांनी १८७२मध्ये तो याच उल्केत ओळखला. मी इथं उगाच रेंगाळते.

१२ : "मॅडम, हा तर वरच्या कवचातला दगड. यात गाभ्याचा कणही नाही. मग?"

विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त आहे. प्रावरण वितळताना लोह आणि मँगनीज यांची ऑक्साइडं जोडीनं वर येतात, म्हणून लाव्हातलं त्यांचं गुणोत्तर खालच्या प्रावरणाचंच असतं. शेरघाटीत ते चाळिशीच्या अलीकडे, आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये साठीच्या आसपास. ड्रायबस आणि वेंके यांनी मंगळाच्या प्रावरणात आदिम उल्कांच्या प्रमाणातच मँगनीज आहे असं धरून १९८५मध्ये हिशेब मांडला : प्रावरणात लोह ऑक्साइड सुमारे १८ टक्के, पृथ्वीच्या दुपटीहून जास्त. उरलेलं लोह गाभ्यात. शिवाय गंधकाकडे ओढली जाणारी तांब्यासारखी मूलद्रव्यं या दगडांत कमी, म्हणजे गाभ्यात गंधकही भरपूर, १४ टक्क्यांच्या घरात. अलीकडे काही जण लोह ऑक्साइडच्या १८ टक्क्यांचे १५ करतात. तरी पृथ्वीपेक्षा बरेच.

२ : डबा.

३:३० : विद्यार्थी इनसाइट यानाचे पेपर घेऊन हजर. २०२१मध्ये मंगळकंपांवरून गाभ्याची त्रिज्या १,८३० किलोमीटर निघाली. एवढा मोठा म्हणजे इतका हलका, की तितकी हलकी मूलद्रव्यं आणायची कुठून हे रसायनवाल्यांना कळेना. २०२३मध्ये गाभ्याभोवती वितळलेल्या खडकाचा थर असावा असं दिसलं. त्रिज्या १,६५० ते १,६७५वर आली, घनता वाढली. माझा कौल आधीपासून दगडाकडेच होता, पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती.

६ : कडेचे शेवटचे बिंदू. ऑक्साइडांची बेरीज शंभराच्या जवळ, आकडे ठेवायचे. उद्या यंत्र सिमेंटवाल्यांकडे.