टेबल गेलं, फाइलचं काय?

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर हमखास ऐकू येणारा डायलॉग : ‘अरे, पीडीएफ डाउनलोड केली होती, गेली कुठे?’ मग व्हॉट्सअॅप, मेल, ड्राइव्ह सगळीकडे सर्च. फोल्डर उघडून बघायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. येणार तरी कसं? आपण फोनवर वाढलो आणि फोनने फोल्डर कधी नीट दाखवलेच नाहीत.

डेस्कटॉप, फाइल, फोल्डर, कचऱ्याचा डबा हे सगळं अमेरिकन ऑफिसमधून आलंय. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७३मध्ये ‘अल्टो’ हा कम्प्युटर तयार झाला. १९८१मध्ये झेरॉक्सने ‘स्टार’ बाजारात आणला. कागदांत बुडालेल्या माणसाला स्क्रीन ओळखीची वाटावी, म्हणून त्याचं टेबलच स्क्रीनवर मांडलं. १९८४चा मॅकिंटॉश आणि पुढे विंडोज ९५मुळे हे टेबल जगभर पोहोचलं.

त्याला पर्यायही आले. मायक्रोसॉफ्टने १९९५मध्ये ‘बॉब’ आणला. त्यात टेबलाऐवजी घरातल्या खोल्या होत्या, पण तो काही चालला नाही. येल विद्यापीठात ‘लाइफस्ट्रीम्स’ची कल्पना निघाली : फोल्डर नकोत, सगळं तारखेनुसार एका ओळीत. आपली फोटो गॅलरी आज तशीच तर चालते!

आता पुढची उडी म्हणजे थेट बोलायचं. ‘काल सरांनी पाठवलेल्या नोट्स काढ’ म्हटलं की काम झालं. टायपिंगला कंटाळणाऱ्या आजीसाठी तर हे मस्तच. पण मेनू बघून काय काय करता येतं ते कळतं. रिकाम्या चॅटबॉक्सकडे बघून कळत नाही. शिवाय त्याने काय दाखवलं नाही, हेही समजत नाही.

ह्युमेन कंपनीचा ‘एआय पिन’ आठवतोय? कपड्यांवर लावायचा, स्क्रीन नसलेला. २०२४मध्ये आला, २०२५च्या फेब्रुवारीत बंद पडला. आपले फोटो, नोट्स मुदतीत उतरवून घ्या, नंतर सगळं डिलीट होईल, असं ग्राहकांना सांगण्यात आलं.

म्हणून कुठलंही नवं गॅजेट किंवा अॅप वापरायला घेताना तीन गोष्टी बघा. माझी फाइल नक्की कुठे साठतेय? ती न विचारता मला दिसते का? आणि उद्या हे बंद पडलं, तर ती घेऊन मला बाहेर पडता येईल का? टेबल खुशाल जाऊ दे, पण त्यावरचे कागद आपले आहेत!