पहिली लिपी कुठे, दुसरी लिपी कुठे?

गेल्या महिन्यात आमच्या गटाने मसाल्याचे पैसे खात्यात मागवले आणि ते काही आले नाहीत. आठ दिवस वाट पाहिली. मग कळलं की आम्ही फॉर्मवर बँकेचा आयएफएससी कोड लिहिताना पाचव्या जागी शून्याऐवजी मोठा ओ काढला होता. हा कोड अकरा खुणांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, पुढचे सहा शाखेचे. पाचव्या जागी शून्यच असतं, ओ कधीच नसतो. हे आम्हाला तेव्हा माहीत असतं तर तालुक्याला दोन खेपा पडल्या नसत्या!

तेव्हापासून आम्ही सगळ्याजणी इंग्रजीची मोठी आणि लहान अक्षरं घेऊन बसलोय. शाळेत ज्या गेल्या त्यांना आठवत असेल, गुरुजी मोठ्या अक्षरांना पहिली लिपी म्हणायचे आणि लहान अक्षरांना दुसरी लिपी. तिसरी-चौथी लिपी जोडून लिहायची. ती आज सोडून देऊ.

आपल्या मराठीत ही भानगडच नाही. ‘कमल’ लिहिलं तर ते तळ्यातलं फूल की आपली कमलताई, हे वाक्य वाचून कळतं. इंग्रजीत लिली हे फूल असेल तर पहिला एल लहान, आणि लिली नावाची बाई असेल तर तोच एल मोठा. नुसत्या अक्षरावरून कळतं की हे कुणाचं तरी नाव आहे. मोठ्या अक्षराचं मुख्य काम हेच, ‘हे खास नाव आहे’ असं सांगणं.

म्हणून माणसाचं नाव, आडनाव, गावाचं, नदीचं, देवाचं नाव मोठ्या अक्षराने सुरू करायचं. भाषेचं नावही तसंच. मराठीचा एम मोठा. वार आणि महिने मोठे, पण ‘आज’, ‘उद्या’, ‘पावसाळा’ यांचे इंग्रजी शब्द लहानच. ‘मे’ हा शब्द महिना म्हणून आला तर मोठा, आणि ‘कदाचित’ अशा अर्थाने आला तर लहान. आमच्या एका मैत्रिणीने विचारलं, “मग बँक?” नुसतं ‘मी बँकेत गेले’ असं लिहायचं तर बी लहान. पण बँक ऑफ महाराष्ट्र हे पूर्ण नाव आलं की बँकेचा बी आणि महाराष्ट्राचा एम मोठा. मधला ‘ऑफ’ मात्र लहानच राहतो. गटाच्या अध्यक्षांचंही तसंच आहे. ‘आमच्या अध्यक्ष आल्या’ म्हणताना लहान, नावाच्या आधी लावून लिहिलं तर मोठं.

दुसरं काम सोपं आहे. वाक्य सुरू झालं की पहिलं अक्षर मोठं. पूर्णविराम दिला, पुढचं वाक्य पुन्हा मोठ्याने सुरू.

आणि तिसरं थोडं गमतीचं. ‘मी’ यासाठी इंग्रजीत जो एकटा आय आहे तो वाक्यात कुठेही आला तरी मोठा. ‘तू’, ‘ती’, ‘आम्ही’ मात्र मधे आले की लहान. इंग्रजी माणसाला स्वतःचं फार कौतुक दिसतंय, असं आमच्यातल्या आजी म्हणाल्या!

अर्ज लिहिताना एक लक्षात ठेवा. ‘डिअर सर’मध्ये डी आणि एस दोन्ही मोठे. शेवटी ‘युवर्स फेथफुली’मध्ये मात्र फक्त वाय मोठा, फेथफुलीचा एफ लहान. आम्ही इतकी वर्षं दोन्ही मोठे काढत होतो.

आता फॉर्म. ‘ब्लॉक लेटर्समध्ये भरा’ असं लिहिलेलं असलं की सगळी अक्षरं पहिल्या लिपीत, एका चौकोनात एकच. तिथे वरचे नियम विसरायचे. लहान एल, मोठा आय आणि एकचा आकडा एकसारखे दिसतात, म्हणून ही पद्धत बरी पडते. पासबुकावर नाव सगळं मोठ्या अक्षरांत आणि आधारवर लहान-मोठं असलं तर घाबरू नका, नाव तेच आहे. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त-कमी आहे का, ते मात्र नीट जुळवून पाहा. सगळा अर्जच मोठ्या अक्षरांत लिहू नये मात्र. वाचायला जड जातो आणि लिहिणारी ओरडतेय असं वाटतं.

मोबाइलच्या पासवर्डमध्ये मोठा ए आणि लहान ए ही दोन वेगळी अक्षरं आहेत. आमच्या सचिवांनी पासवर्ड वहीत सगळा मोठ्या अक्षरांत उतरवून ठेवला, आणि मग खातं उघडेचना. जसा ठेवला तसाच उतरवा. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड यांचं रूप दोन्ही लिपींत सारखं, फक्त आकारात फरक. अशा अक्षराखाली मोठं असेल तेव्हा एक रेघ मारायची, असं आम्ही ठरवलंय. आणि ती वही घरातच ठेवायची, पिशवीत नाही.

राहिलं पाकिटावरचं लेबल. किलोसाठी के आणि जी दोन्ही लहान. बाजारात सर्रास मोठे छापतात, पण ते चूक आहे. एकटा मोठा के हे तापमान मोजायच्या केल्विनचं चिन्ह आहे. ग्रॅमसाठी नुसता लहान जी, पुढे एम लावायचा नाही. आमची जुनी पाचशे लेबलं ‘जीएम’वाली निघाली. ती संपेपर्यंत वापरावीत असं काहीजणींचं मत होतं, पण बैठकीत ठरलं की नवीनच छापायची. छापखान्यात द्यायच्या आधी कच्चा कागद आम्ही तिघींनी वेगवेगळा वाचला. एकीला मसाल्याच्या नावातला एम लहान सापडला.