आजोबांच्या रायफलला कानस लावण्याआधी

नागपूरच्या धंतोलीतले जुने बंगले एकेक करून पडताहेत आणि त्या जागी इस्पितळं, फ्लॅट स्कीम उभ्या राहताहेत. अशा घरांच्या वाटणीत क्वचित परवान्यासकट एक रायफलही निघते. मध्य प्रांताच्या काळात मेळघाट-चांद्याच्या जंगलांत शिकारीचे ब्लॉक परवान्यावर मिळत, तेव्हाची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिचं काम संपत गेलं.

वारसाला पहिला मोह होतो तो तिला नवी करण्याचा. नळीची निळी-काळी झाक उडालेली असते, अक्रोडाच्या दस्त्यावर चरे असतात. मग पॉलिश करू, दुर्बीण बसवू, दस्ता कापून रबरी गादी लावू, असे बेत सुरू होतात. पण पॉलिशच्या चाकाखाली सर्वांत आधी झिजतात ते कारखान्याचे शिक्के, नळीच्या चाचणीच्या खुणा आणि क्रमांक. उदाहरणार्थ, ली-एन्फिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या बॉडीवरचा आणि बोल्टच्या मुठीवरचा क्रमांक जुळला, तर हे दोन भाग एकमेकांसाठीच बसवलेले होते हे कळतं. तो पुरावा एकदा गेला की गेला. दुर्बिणीसाठी पाडलेली भोकंही बुजवली तरी दिसतातच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेलेल्या लष्करी रायफली लोकांनी कापून-तासून शिकारीच्या केल्या. आज तिथे संग्राहक जास्त पैसे मोजतात ते हात न लागलेल्या रायफलींना.

काडतूस बदलण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. 1960 च्या दशकात ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने ली-एन्फिल्डच्याच घडणीची 7.62 मि.मी.ची रायफल काढली. या काडतुसाचा दाब ली-एन्फिल्डच्या मूळ .303 काडतुसापेक्षा जास्त, म्हणून जुन्या रायफली न बदलता अधिक मजबूत पोलादाच्या नव्या बनवल्या. जे कारखान्याने टाळलं, ते आपण गल्लीतल्या लेथवर करू नये.

कायदाही इथे स्पष्ट आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 6 नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही आणि कलम 8 नुसार क्रमांक किंवा खूण खोडणं गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडची शस्त्रं तीनवरून दोनवर आली. त्यामुळे ‘दोनच ठेवायच्या तर हीही कामाची करून घेऊ’ असं वाटणं मी समजू शकतो. तरीही नेमबाजी करायची असेल तर त्यासाठी दुसरी रायफल घ्यावी, जुनी आहे तशीच ठेवावी. शिकारी जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर 1907 मध्ये भेट मिळालेली .275 रिग्बी रायफल आज तिच्या निर्मात्यांकडेच जपलेली आहे. तिचं मोल वाढलं ते तिच्यावरच्या भेटीच्या पट्टीमुळे आणि वापराच्या खुणांमुळे.

तुटलेली स्प्रिंग जरूर बदला, पण परवानाधारक कारागिराकडूनच, आणि जुनी पुडीत बांधून ठेवा. पावसाळ्यात नळीला तेलाचा हात द्या, कातडी म्यानात ठेवू नका, कारण कातडं ओल धरतं. प्रत्येक शिक्क्याचा फोटो परवान्याच्या फायलीत लावा. आणि कानस घेऊन कुणी पुढे आलाच, तर त्याला निक्षून नाही म्हणा.