ओरेली कोणाची बहीण?

भोपाळमधल्या सोनागिरी या वस्तीचे नाव मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सोने कळते, गिरीही कळतो. पण ‘सुवर्ण’ आणि ‘सोने’ शेजारी ठेवून पाहा. मधला ‘व’ विरघळला, ‘र्ण’चा ‘न’ झाला, तरी हे एकाच घरचे शब्द आहेत याबद्दल कोणी वाद घालत नाही. ओरेली या फ्रेंच मुलीच्या नावाकडे याच नजरेने पाहायला हवे. 1980च्या दशकात फ्रान्समध्ये फार लोकप्रिय असलेल्या या नावाचा अर्थ ‘सोनेरी’ असा सांगतात, आणि मग आपल्या सुवर्णा, कांचन, सोनाबाई यांच्या पंगतीत ते सहज बसते. हा अर्थ खोटा नाही, पण तो अर्ध्या वाटेवर थांबतो. माझ्या मते ओरेलीची सख्खी बहीण आपली उषा आहे.

ओरेली हे लॅटिन ‘आउरेलिया’चे फ्रेंच रूप. रोमन घरांत मुलीला सहसा बापाच्या कुळाचेच नाव स्त्रीलिंगी करून देत. ज्युलियस सीझरची आई आउरेलिया, कारण ती आउरेलियुस कुळातली. 2ऱ्या शतकातला कोशकार फेस्टुस याच्या ग्रंथात या कुळाची नोंद आहे: हे लोक मूळचे साबीन, रोमन जनतेने त्यांना सूर्यपूजेसाठी जागा दिली, आणि सूर्यावरूनच त्यांना पूर्वी ‘आउसेली’ म्हणत. साबीन लोक सोन्याला ‘आउसुम’ म्हणत, हे मतही त्याच ग्रंथात सापडते. लॅटिनमध्ये मात्र सोने म्हणजे ‘आउरुम’. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘स’चा ‘र’ करणे ही लॅटिनची जुनी खोड. फूल ‘फ्लोस’, पण फुलाचे ‘फ्लोरिस’. तो ‘र’ पुन्हा ‘स’ केला की हाती ‘आउस’ उरते, उजाडण्याचा, झळाळण्याचा धातू. लॅटिन आउरोरा, ग्रीक एओस आणि ऋग्वेदातली उषस् या तिन्ही पहाटेच्या देवता त्याच धातूतून आल्या. कुळाचे नाव सोन्यावरून पडलेले असो की सूर्यावरून, दोन्ही वाटा पहाटेपाशीच पोचतात.

कोणी म्हणेल, असे ध्वनी जुळवत बसले तर काहीही जुळेल. ही भीती रास्त आहे. 28 फेब्रुवारी 1968 रोजी स्थापन झालेल्या ऑरोव्हिलचेच पाहा. त्यातला ‘ऑरो’ श्री अरविंदांच्या नावातला, आणि अरविंद म्हणजे कमळ. फ्रेंच ‘ओरोर’ म्हणजे पहाट. कानाला दोन्ही सारखे, पण मुळात त्यांचे नाते नाही. उलट ओरेली आणि उषा कानाला मुळीच जुळत नाहीत, तरी शेकडो शब्दांना लागू पडणारा नियम त्यांना जोडतो, म्हणून मी त्या नियमावर भिस्त ठेवतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुलीचे नाव ठेवणाऱ्या फ्रेंच आईला यातले काय ठाऊक? तिला त्यात सोने दिसत असेल, तर तो अर्थ तिचाच आहे, आणि तो कोणी काढून घेऊ नये. तसेही सोने आणि पहाट यांची फारकत आपल्याकडेही झालेली नाही. ऋग्वेदाच्या 7व्या मंडलातली उषा सोन्याच्या रंगाची आहे.