शेळी ढासतेय? तेल पाजू नका, आधी ताप मोजा

पावसाची झड लागली की गोठ्यात ढास सुरू होते. आज एक बोकड ढासतो, दोन दिवसांनी चार. 'सर्दी आहे, जाईल' म्हणून आपण थांबतो. पण तो न्यूमोनिया असेल तर एक-दोन दिवसांतही जनावर दगावू शकतं.

हा आजार येतो कसा?
पाश्चुरेला आणि मॅनहायमिया हे जिवाणू चांगल्या शेळीच्या नाका-घशातही असतात. एरवी ते त्रास देत नाहीत. पण बाजारातून टेम्पोत दाटीवाटीनं आणणं, पावसात भिजणं किंवा पीपीआरसारखा आजार यामुळे शेळीची ताकद कमी झाली की ते फुफ्फुसात उतरतात.

पाऊस आत येऊ नये म्हणून आपण गोठा ताडपत्रीनं पूर्ण बंद करतो. मग मुताचा वायू आत कोंडतो आणि फुफ्फुस कमजोर होतं. गोठ्यात खाली बसून वास घ्या. तुमच्या डोळ्यांना झोंबलं, तर शेळीला रात्रभर तेच सोसावं लागतं. वरची बाजू हवेसाठी मोकळी ठेवा, जमीन कोरडी ठेवा.

कसं ओळखायचं?
चारा सोडणं, कळपापासून बाजूला उभं राहणं, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, धाप, मान लांब करून श्वास घेणं. शेळीचा ताप साधारण 102 ते 103 फॅरनहाइट असतो. सकाळी सावलीत मोजून 104 च्या वर भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

काय करायचं?
- आजारी शेळी लगेच वेगळी बांधा. तिचं पाणी, चारा वेगळा ठेवा.
- तेल, काढा जबरदस्तीनं पाजू नका. धाप लागलेल्या शेळीला ठसका लागून ते फुफ्फुसात जातं.
- मनानं इंजेक्शन देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेला डोस पूर्ण करा, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.
- औषध चालू असताना बोकड कापायला विकू नका. किती दिवस थांबायचं, ते डॉक्टरांना विचारा.
- बाजारातून आणलेली शेळी 2 ते 3 आठवडे कळपात मिसळू नका.
- पीपीआरची लस वेळेवर टोचून घ्या. घटसर्पाची लस पावसाळ्याआधी द्यायची का, तेही विचारून घ्या.

उशिरा उपचार झालेला बोकड वाचला तरी फुफ्फुसाला इजा राहू शकते. मग तो खातो, पण अंगी लागत नाही. बोकड तर वजनावरच विकला जातो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, नाहीतर 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करा.